हातगुण

आमचे आबा गावात सांगत फिरतात की त्यांची सून बोईसरला गोळ्या मोजते. आबा म्हणजे माझे सासरे, आणि ते अगदीच खोटं बोलत नाहीत. एका औषधांच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीत आहे. कुठल्या मशीनवरच्या, कुठल्या शिफ्टमधल्या गोळ्या जास्त फुटतात याचे तक्ते करायचे आणि फुटण्याचं खापर योग्य डोक्यावर फोडायचं, हे माझं काम. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्याचा मला थोडा तोरा आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते त्या तोऱ्यापायीच झालं.

माझे वडील सोलापूरकडून इथे नोकरीला आले. मी बोईसरच्या कॉलनीत वाढले आणि भाग्येशशी लग्न करून केळव्याशेजारच्या माहीमला आले. घरामागे नारळ-सुपारीची वाडी आणि वाडीतच विड्याच्या पानांचा मळा. चारशे वेली, वीस ओळी, दर ओळीत वीस. शेजारचे चिंधूकाका त्याला मळा म्हणतच नाहीत, परसबाग म्हणतात. परसबाग तर परसबाग, पण रीत मळ्याचीच. चपला बाहेर काढायच्या, मोठ्यानं बोलायचं नाही, आणि काम नसताना पानाला हात लावायचा नाही. पानवेल रुसते, असं आबांचं म्हणणं. सहा वर्षांत मला रुसलेली वेल आणि तहानलेली वेल यातला फरक काही कळला नव्हता.

दिवाळी झाली की वेली उतरवतात. वर्षभरात वेल काठीच्या टोकाला पोचलेली असते. तिला सोडवून खाली घ्यायची, जुना भाग गोल करून मातीत बसवायचा आणि शेंडा पुन्हा काठीला केळीच्या सोपटानं बांधायचा. सगळ्याच वेली हे सोसत नाहीत. काही मुळाशी कुजतात आणि महिना-दोन महिन्यांत मरतात. आमच्याकडे हे काम तिघी करतात, सोजराबाई, शालू आणि चिमी. जिने जी ओळ उतरवली ती वर्षभर तिची. चिमीचा पाडा माकुणसारच्या पलीकडे. पावसाळ्यात ती स्वतःच्या तुकड्यात भात लावते आणि भात घरात आलं की आमच्याकडे येते. बारा वर्षं झाली.

तर संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी चहा पिताना आबांनी सांगितलं की चिमीला आता बंद करायचं. वेल मेली की आबा तिच्या काठीला चुन्याचं बोट ओढतात. त्या वर्षी अशी साठ बोटं झाली होती, आणि त्यातली अठ्ठावीस एकट्या चिमीच्या ओळींत. चिंधूकाकांनी कुंपणावरून निकालही देऊन टाकला होता, बाईला हातगुण नाही.

हा शब्द आमच्याकडे हलका नाही. हातगुण नाही म्हणून एका मळ्यातून काढलेली बाई दुसऱ्या मळ्यात कुणी घेत नाही, ना माहीमला ना केळव्याला. मग तिला वीटभट्टीच उरते. भट्टीवर गेलं की सगळं घर जातं, सहा महिने तिकडेच झोपडी. चिमीची मुलगी दहावीला होती. परीक्षा दीड महिन्यावर आली होती.

मला रागच आला. आबा मनाने वाईट नाहीत, पण चुन्याच्या बोटांवर कुणाचं घर हलवायचं म्हणजे काय. मी म्हटलं, "आबा, मेलेल्या मोजल्यात. जगलेल्या मोजल्यात का?"

"जगलेल्या कोण मोजतो?" आबा म्हणाले.

आणि खरंच, कुणीच मोजत नाही. चुना मेलेल्या वेलीला लागतो, जिवंत वेलीला काही लागत नाही, त्यामुळे डोळ्यांना फक्त मेलेल्याच दिसतात. शंभर ओळींवाल्याच्या मळ्यात वीस मेल्या आणि पाच ओळींवाल्याच्या दहा, तर गाव वीसवाल्याला नाव ठेवील. मी आबांना म्हटलं, मला एक रविवार द्या, मी नीट तपासते, आणि चिमीच्या हाताचा आणि वेली मरण्याचा संबंध आहे की नाही ते आकड्यात सांगते. अशी एक चाचणीच असते, काय-वर्ग चाचणी. आबा "काय?" म्हणाले. मी म्हटलं, तेच. ते हसले आणि रविवार मिळाला.

रविवारी अनवाणी पायांनी मी चारशे काठ्यांमधून फिरले. थंड माती, वर नारळाच्या झावळ्यांची सावली, आणि हातात कारखान्यातला क्लिपबोर्ड. खोटं कशाला बोला, मला मजा येत होती. गोळ्या फुटल्या तर फुटल्या, त्यांच्याबद्दल कुतूहल किती वाटणार. इथे प्रश्न माणसाच्या हाताचा होता. शालूने दुरून विचारलं की वैनी जनगणनेला लागल्या का. चिमी तिच्या ओळीत वाकून बांधत होती, तिने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि परत काम सुरू केलं. सोजराबाई नव्हती. वेली उतरवून झाल्या तशी ती सफाळ्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती.

चार रकाने झाले. चिमीच्या पाच ओळी, म्हणजे शंभर वेली, त्यात अठ्ठावीस मेलेल्या, बहात्तर जिवंत. बाकी दोघींच्या मिळून तीनशे, त्यात बत्तीस मेलेल्या, दोनशे अडुसष्ट जिवंत. ओटीवर बसून मी आबांना चाचणी समजावली. समजा, हाताचा आणि मरण्याचा काहीच संबंध नाही. मग मरण सगळ्यांना सारखं वाटलं जायला हवं. चारशेत साठ मेल्या, चिमीकडे वेलींचा चौथा हिस्सा, तर मेलेल्यांतला चौथा हिस्सा तिचा, म्हणजे पंधरा. उरलेल्या पंचेचाळीस बाकीच्या दोघींच्या. या अपेक्षित आकड्यांपासून खरे आकडे किती लांब गेले ते बघायचं. प्रत्येक रकान्यात फरकाचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित आकड्याने भागायचं, आणि चारही उत्तरांची बेरीज करायची. थोडं इकडेतिकडे नशिबानेही होतं, त्याला माफी असते. पण बेरीज तीन पूर्णांक चौऱ्याऐंशीच्या वर गेली, तर नुसत्या नशिबाने असं व्हायची शक्यता शंभरात पाचाहून कमी. मग संबंध आहे असं धरायचं.

आबा लक्ष देऊन ऐकत होते. पानांचे गठ्ठे लावणाऱ्या माणसाला हिस्से सांगावे लागत नाहीत. पंधराच्या जागी अठ्ठावीस हे त्यांना माझ्या आधी दिसलं असावं, कारण त्यांनी कागदावरून नजर काढून मळ्याकडे बघितलं. मी मात्र बोलत-बोलत बेरीज करत गेले. अकरा पूर्णांक सत्तावीस, अधिक तीन पूर्णांक शहात्तर, अधिक दोनच्या जरा खाली, अधिक पाऊणला थोडं कमी. साडेसतराच्या वर.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी दोनदा पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा तेच.

"म्हंजे माझंच बरोबर होतं," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, उलट त्यांना जडच गेलं. पण काल जे चिंधूकाकांचं कुंपणावरचं बोलणं होतं, ते आज सुनेच्या एम.एस्सी.नं सिद्ध केलेलं होतं. संध्याकाळी त्यांनी चिमीला सांगितलं. मी तिथेच उभी होते. तिने भांडण केलं नाही, रडली नाही. म्हणाली, "मेल्या त्या माझ्याच हातात मेल्या, ते खरं हाय." मग तिने पाय धुतले, चपला घातल्या आणि गेली. मला त्या क्षणी माझी लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून बेरीज बदलत नाही.

आठवडाभर माझं कामात लक्ष नव्हतं. चाचणीत चूक नव्हती, तेच तर छळत होतं. संबंध आहे, मान्य. पण हात वेलीला मारतो म्हणजे नेमकं करतो काय? चाचणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, हे मी कॉलेजात परीक्षेच्या पेपरात लिहून पाच मार्क मिळवले होते आणि नंतर विसरले होते. गुरुवारी कारखान्यात एका मशीनवरच्या गोळ्या फार फुटायला लागल्या, तेव्हा मी सवयीने पहिला प्रश्न विचारला, या मशीनला माल कुठला दिला होता? आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मशीनसाठी मी हा प्रश्न विचारते. चिमीसाठी विचारला नव्हता.

शनिवारी सुट्टी टाकून मी पुन्हा मळ्यात गेले. चिमीच्या ओळी आता शालू बघत होती. या वेळी मी मोजलं नाही, नुसती बघत राहिले. कितीतरी काठ्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. मागच्या रविवारी त्या माझ्या डोळ्यांपुढेच होत्या. पाखरांना हुसकायला असतील, असं मी धरून चालले होते. ज्यांना आपण शिकलेले समजतो त्यांची गंमत अशी असते, ते विचारत नाहीत, धरून चालतात.

मी शालूला विचारलं या पट्ट्या कशाच्या. ती म्हणाली, "ह्या आजाऱ्यांच्या." वेली उतरवायच्या आदल्या दिवशी सोजराबाई सगळ्या ओळींतून फिरते. ज्या वेलीचं पान मलूल, ज्या वेलीचं बुड मऊ, तिच्या काठीला पट्टी. म्हणजे उतरवताना तिला हिसका बसायचा नाही. वेल मेली तरी काठी राहते आणि काठीवर पट्टी राहते. मग मी दुसरा प्रश्न विचारला, ओळी कोण वाटतं? शालूला हे माहीत नव्हतं, का सांगायचं नव्हतं, कोण जाणे. तिने सफाळ्याकडे बोट दाखवलं.

सफाळ्याला सोजराबाई नातवाला तेल लावत बसली होती. चिमीला काढल्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं तशी तिने बाळ लेकीकडे दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. ओळी तीच वाटायची. त्याआधी माझ्या सासूबाई वाटायच्या, आणि त्या गेल्या तशी त्यांचीच रीत तिने चालवली. पट्ट्या जास्त असलेल्या ओळी चिमीला द्यायच्या, दरवर्षी. आबांना हे ठाऊक नव्हतं, कारण वाटणी बायकांची आणि आबांचं काम पानं खुडल्यावर सुरू होतं.

"चिमीच का?" मी विचारलं.

"तिचा हात लागला का वेल धरते म्हनून," सोजराबाई म्हणाली. "आजारी मानूस तू चांगल्या डागदरकडं नेतंस का वाईट?"

परत येताना डहाणूच्या बाजूला ढग नव्हते की काही नव्हतं, साधी दुपार होती, आणि मला गाडीवर बसल्या-बसल्या हसूही येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशीही वाटत होती. चांगल्या डॉक्टरकडे जास्त रोगी मरतात. का, तर मरायला टेकलेले तिथेच नेतात. हे कुठल्याही बाईला कळतं. मी त्यावर चाचणी लावली होती.

रविवारी पुन्हा मोजणी. आता चारच्या जागी आठ रकाने, पट्टी असलेल्या वेली वेगळ्या आणि नसलेल्या वेगळ्या. चिमीच्या शंभरातल्या साठ काठ्यांना पट्टी होती. बाकी तीनशेत फक्त तीस. म्हणजे निम्म्याहून जास्त आजारी वेली तिच्या एकटीकडे. धडधाकट वेलींचं गणित फारसं नव्हतंच. चिमीच्या चाळिसांत एक मेलेली, बाकीच्या दोनशे सत्तरांत आठ. इतके कमी आकडे असले की काय-वर्ग लावूच नये असा नियम आहे, पण शेकड्यात बघितलं तरी जवळपास सारखंच.

पट्टीवाल्या नव्वद मात्र मी जपून केल्या. बाकी दोघींच्या तिसांतल्या चोवीस मेल्या, सहा जगल्या. चिमीच्या साठांतल्या सत्तावीस मेल्या, तेहतीस जगल्या. संबंध नसता तर तिच्या चौतीस मरायला हव्या होत्या. बेरीज दहाच्या जरा खाली आली. म्हणजे संबंध होताच, आणि घट्ट होता. फक्त दिशा उलटी होती.

आबांनी कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. आकड्यांपेक्षा ते पट्ट्यांकडे बघत असावेत, कारण त्या पट्ट्या सासूबाईंच्या लुगड्यांच्या होत्या. "म्हंजे तेहतीस तिनं वाचवल्या," ते म्हणाले. मग उठले, टोपी घातली आणि मला गाडी काढायला सांगितली. मला त्यांचा त्या दिवशी फार अभिमान वाटला. चूक कळल्यावरही ती दाबून ठेवणारी माणसं मी कारखान्यात रोज बघते.

पाड्यावर चिमी दारात तूर झोडत होती. भट्टीचा मुकादम येऊन गेला होता, मंगळवारी ट्रक येणार होता. आबांनी उभ्या-उभ्याच सांगितलं की माझं चुकलं, तू ये. मी मध्येच कागद उघडला. साठ, तीस, तेहतीस, सहा, सगळं तिला दाखवलं. आता गावात कुणी काही म्हणालं तर हा कागद तोंडावर फेकीन, असंही मी म्हणाले. ती कौतुकाने ऐकत होती, लहान मूल पाढे म्हणतं तेव्हा ऐकतात तसं.

मग म्हणाली, "येते आबा. पोरीची परीक्षा हाय. पन पट्टीच्या वळी मला नको. येत्या दिवाळीपासनं मला चांगल्या वळी द्या."

मी म्हटलं, अगं, कागद तुझ्या बाजूने आहे.

"आज हाय," चिमी म्हणाली. "आदल्या आयतवारी नवता. पुडल्या वरशी कोन मोजील, कसा मोजील, मला काय ठावं? मेलेली वेल माझ्या नावावर नको, वैनी."

मी कागदाची घडी घातली. मंगळवारचा ट्रक तिच्याशिवाय गेला. मुलगी परीक्षेला बसली आणि पास झाली, हे मात्र चांगलं झालं.

पुढच्या दिवाळीनंतर सोजराबाईने पट्ट्या बांधल्या. चोपन्न झाल्या. ओळी वाटायच्या वेळी चिमी आपल्या बोलण्याला जागली. शालूनेही हात झटकले, आणि तिला दोष कसा द्यावा, तिच्या डोळ्यांदेखत सगळं घडलं होतं. सोजराबाईचे गुडघे राहिले नव्हते. आजारी वेली कुणाच्याच नव्हत्या. मळ्यात पहिल्यांदा असं झालं होतं, आणि ते माझ्या अचूक बेरजेमुळे झालं होतं. मी म्हटलं, कुठल्याही ओळीतल्या असोत, त्या चोपन्न माझ्या नावावर लिहा. आबांनी मान हलवून नाही म्हटलं, मग तोंडाने हो म्हणाले.

कारखान्यातून आले की मी मळ्यात. वेली उतरवायला मला शालूला लागतो त्याच्या तिप्पट वेळ लागला. चिमी शेजारच्या ओळीत असायची. सांगायची सगळं, हातचं राखलं नाही. वेल ओढू नको, तिला बसू दे. बुडाची माती मोकळी कर, वारा लागू दे. पानी आज नको, उद्या बी नको. गाठ सैल ठेव. पण माझ्या वेलीला ती बोट लावायची नाही. मी शिकले ते इतकंच की सांगता येतं ते हातात येतंच असं नाही. माझ्या वेली मरत गेल्या आणि आबा चुना लावत गेले. चिंधूकाकांनी कुंपणावरून सुनेच्या हातगुणाबद्दल व्हायचं ते बोलून घेतलं. मी ऐकलं. चिमीने बारा वर्षं काय ऐकून घेतलं असेल, त्याचा मला थोडा अंदाज आला.

फेब्रुवारीत एका रविवारी मी एका वेलीपुढे बसले होते. बूड काळं पडलेलं, शेंडा लोंबलेला. मी आबांना चुन्यासाठी हाक मारणार, तेवढ्यात चिमी आपली ओळ सोडून आली. तिने माझा हात बाजूला सारला. काळं पडलेलं नखाने खुडून टाकलं, वरचं हिरवं कांडं ओल्या मातीत बसवलं आणि सोपट सैल बांधलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी क्लिपबोर्ड उचलला आणि विचारलं की ही तुझ्या नावावर घालू का.

"नको," ती म्हणाली. "जगली तरी तुझी, मेली तरी तुझी. लिवू नको."

त्यानंतर ती किती वेळा माझ्या वेलींकडे आली ते मी बघितलं नाही. ती यायची वेळ झाली की मी मुद्दाम टाकीकडे जायची. त्या वर्षी माझ्या चोपन्न वेलींतल्या तीस मेल्या, मळ्यात सगळ्यात जास्त, आणि चोवीस जगल्या. तक्त्यात त्या चोवीसच्या चोवीस माझ्या नावावर आहेत. हा तक्ता खोटा आहे हे मला माहीत आहे, आणि मी तो तसाच ठेवला आहे.